जस्त गेले, पाणी राहिले

१

ड्रम गळ्यापर्यंत भरलेला होता, शेडचे कुलूप शाबूत होते, आणि तरीही चोरी झाली होती.

“मॅडम, पाणी जिथल्या तिथे आहे. फक्त त्यातले जस्त गेले,” असे निरंजन फोनवर म्हणाला तेव्हा सुमनताईंनी त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले. एके काळी तो त्यांच्या हाताखाली उमेदवारी करून गेलेला. आता तळेगाव दाभाड्याला त्याची स्वतःची प्रयोगशाळा होती, नावापुढे डॉक्टर लागले होते. पण ताईंनी ‘पुन्हा म्हण’ म्हटल्यावर त्याने निमूटपणे पुन्हा म्हटले.

“गाडी पाठव,” एवढेच बोलून ताईंनी फोन ठेवला.

सुमनताईंनी सरकारी खत-तपासणी प्रयोगशाळेत एकतीस वर्षे काढली होती. खताच्या गोणीत मीठ मिसळणारे आणि बाटलीत रंगीत पाणी विकणारे कित्येक व्यापारी त्यांच्या एका सहीने आडवे झाले होते. यजमान गेल्यापासून पिंपळे सौदागरच्या एका मोठ्या सोसायटीत, नवव्या मजल्यावर, त्या एकट्या राहत. तिथे त्यांची सही आता फक्त कुरियरवाल्याला लागे.

निरंजन स्वतःच गाडी घेऊन आला. वाटेत त्याने हकिगत सांगितली. त्याच्या प्रयोगशाळेने पिकासाठी जस्ताचे एक नवे द्रावण तयार केले होते. त्यातला कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही बारीक. पानावर फवारला की थेट आत शिरावा, मूठभर खताचे काम चिमूटभराने व्हावे, अशी त्यामागची कल्पना. मोशीच्या पलीकडे, इंद्रायणीच्या अंगाला, सारजाबाई नावाच्या बाईंच्या दीड एकरात कांद्यावर त्याची चाचणी चालली होती. काही वाफ्यांना द्रावण, काहींना साधे पाणी.

“दोन हंगाम झाले, मॅडम. द्रावणाचा कांदा आणि पाण्याचा कांदा, वजनात काडीचा फरक नाही. प्रयोगशाळेतल्या कुंड्यांत मात्र रोप नुसते उसळते. हा तिसरा हंगाम. या वेळी तनुजाने, म्हणजे आमच्या संशोधक मुलीने, एका शुक्रवारी फवारणी राहिली तेव्हा ड्रममध्ये तसेच उरलेले द्रावण सहज म्हणून तपासले. असायला हवे त्याचा विसावा हिस्सासुद्धा जस्त नाही!”

“संशय कोणावर?”

“संशय कसला, पुरावाच आहे. फवारणी करणारा गोरक्ष. त्याचे शेत खालच्या अंगाला लागूनच आहे. त्याच्या कांद्याची पात आम्ही गुपचूप तपासली. जस्ताने भरलेली आहे. चार वाजता परत येतो, तक्रारीचा कागद तयारच आहे. तुमचा शब्द मिळाला की पोलिसांत देतो.”

“आणि शब्द नाही मिळाला तर?”

निरंजनने गिअर बदलला. “मग तुम्ही मला दुसरा चोर द्याल, मॅडम.”

२

शेताच्या तिन्ही बाजूंनी पंधरा-पंधरा मजल्यांचे टॉवर उभे राहिले होते. त्यांच्या सावल्या सकाळी एका बांधावरून निघत आणि दुपारपर्यंत दुसऱ्या बांधाला टेकत. मधोमध पत्र्याचे दोन खोल्यांचे घर, त्याला चिकटून शेड, आणि शेडच्या दारात तनुजा. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

तनुजा लातूरकडची. चाकणला आत्येभावाकडे राहून, स्कूटीवरून रोज तळेगावला जाई.

“तू द्रावण कधी कालवतेस?” ताईंनी चौकशीला नमनाचे तेल घातले नाही.

“गुरुवारी संध्याकाळी, मॅडम. बाटली हलवून इथल्या ड्रममध्ये ओतते, बोअरचं पाणी भरते, कुलूप लावते. शुक्रवारी पहाटे गोरक्षभाऊ फवारतात.”

“तुमच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे? कालवल्यावर किती वेळात फवारावे?”

तनुजाने खाली पाहिले. “लगेच.”

“आणि पाणी?”

“शुद्ध केलेलं. पण मॅडम, गोरक्षभाऊंची कंपनीची बस पावणेसहाला येते. पहाटे पाचला इथं येऊन मी कधी कालवणार? तळेगावहून शुद्ध पाण्याचे कॅन स्कूटीवर कशी आणणार? म्हणून आदल्या दिवशी, बोअरच्याच पाण्यात…” तिने ओठ चावला. “ही माझी चूक आहे, मी नाही म्हणत नाही. पण पाण्यात कालवलं म्हणून जस्त उडून जातंय का? ते ड्रममध्येच राहायला पाहिजे की! मी खरं सांगायलेय, ते कुणीतरी काढलंय.”

मुलगी हुशार होती. जस्त उडून जात नाही. ते कुठेतरी असतेच. गोरक्षच्या कांद्यात होते, हेही खरेच.

“कुलपाच्या किल्ल्या किती?”

“दोन. एक माझ्याकडं. एक सारजाकाकींकडं, पहाटे भाऊंना उघडून द्यायला.” ती जराशी घुटमळली. “भाऊंनी नाही केलं, मॅडम. पुढच्या महिन्यात ते कंपनीत कायम व्हायलेत. नऊ वर्षं कंत्राटी काढली त्यांनी. पोलिसांत नाव गेलं, की ठेकेदार गेटातून आत घ्यायचा नाही.”

“हे तू मला दया म्हणून सांगतेस की पुरावा म्हणून?”

“दोन्ही म्हणून,” तनुजा म्हणाली.

ताईंना हे उत्तर आवडले. त्यांनी तसे दाखवले नाही.

३

गोरक्ष आपल्या बांधावर पाय सोडून बसला होता. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, अंगात कंपनीचा निळा शर्ट. सुट्टीच्या दिवशीही त्याच्या अंगावर तोच असे.

“या मॅडम. चोराचा कांदा बघायला आलाय न्हवं? बघा, तिकीट न्हाई.”

“तोंड सांभाळून बोल. मी पोलीस नाही, आणि तुझी मावशीही नाही.”

गोरक्ष उठून उभा राहिला. “चुकलं. पर डोकं फिरतंय, मॅडम. मी औषध चोरून काय करू? लोणचं घालू? माझा पंप त्यांच्या शेडमधी, मी सव्वापाचला येतो, ह्या वाफ्यावर मारतो, धुतो, ठेवतो, पळत जाऊन बस धरतो. माझ्या कांद्यावर मारायला येळ कुठाय?”

“मग पातीत जस्त आले कुठून?”

“मला काय ठावं! औंदा कांदा झ्याक आलाय एवढं खरं. मला वाटलं, कंपोस्ट मानवलं.”

ताई कांद्यात उतरल्या. गुडघे कुरकुरले, त्यांनी गुडघ्यांकडे लक्ष दिले नाही. बोअर दोन्ही शेतांत सामाईक होते. सारजाबाईंच्या अंगाने येणारा पाट गोरक्षच्या कोपऱ्यात शिरे आणि तिथून ओळीने वाफे भरत पुढे जाई. पहिल्या तीन वाफ्यांतली पात काळपट हिरवी, बोटासारखी जाड. चौथ्यापासून ती फिकी होत गेली होती. दहाव्या वाफ्यात चारचौघांसारखा कांदा, टोके पिवळी.

“शुक्रवारी पाण्याची पाळी कोणाची?”

“माझी. सकाळी साडेपाचपास्नं. काकीच मोटर चालू करत्यात, मी फवारत असतो न्हवं.”

“आता नीट आठवून सांग. फवारताना नोझल तुंबते का?”

गोरक्ष हसला. “ह्ये बरं इचारलं. पयल्या खेपेला, मागल्या साली, मॅडम, लय तरास! दर चार पावलांवर नोझल खोलायचो, आत पांढरा चोथा. बस चुकली माझी त्या दिवशी, खाडा पडला. काकीपाशी बोंबलत गेलो. पर नंतर कधी न्हाई. एकदाबी न्हाई.”

“तनुजाला सांगितलेस?”

“तुंबायचं थांबलं, मंग काय सांगायचं?”

ताईंनी पाटाच्या तोंडाशी ठेवलेल्या चपट्या दगडावरून बोट फिरवले. बोटाला पीठ लागावे तशी पांढरी भुकटी लागली.

चोर गोरक्ष नसेल, तर त्याने चोरलेल्या मालातले स्वतःसाठी काहीच ठेवले नव्हते.

४

सारजाबाईंनी चहा आधीच टाकला होता. त्यांचे वय ताईंएवढेच, सत्तरीच्या आसपास. नऊवारी चापून नेसलेली, कपाळ मोकळे, हात कामाने वाकलेले. घरात दोन माणसांचीही वस्ती दिसत नव्हती, पण फळीवर सहा कप घासून उपडे घातलेले होते.

“बसा ताई. घाई काय हाय? साखर चालती न्हवं? तुमाला मुलं किती? कुठं असत्यात?”

चौकशीला आलेल्या बाईचीच चौकशी सुरू झाली. ताईंनी ‘एक मुलगी, परदेशी’ एवढ्यावर ती मिटवली. सारजाबाईंचा थोरला चिंचवडला राहत होता आणि धाकटा बंगळूरला. थोरला दिवाळीला येऊन गेला, असे त्यांनी सांगितले. कोणत्या दिवाळीला, ते सांगितले नाही.

“गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी पहाटे शेडमध्ये कोणी शिरले होते का?”

“कुनीबी न्हाई.”

“नक्की?”

“कुत्र्यानं भुंकायला हवं असं मानूससुदिक फिरकत न्हाई हितं, ताई. गुरुवारी ती पोरगी येती. अर्धा घंटा बसती. पोह्यात शेंगदाणं लागत्यात तिला, लय. तिची आई तिकडं लातूरला, मंग मीच करते. शुक्रवारी गोरक्ष येतो. बाकीचं पाच दिवस ह्ये टॉवर बघायचं.”

“प्रयोग संपला की हे प्रयोगशाळेवाले जाणार?”

सारजाबाईंनी चहा गाळत उत्तर दिले. “जानारच की. जमलं, की गेलं. न जमलं, की परत करत्यात.”

ताईंनी कप खाली ठेवला. हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिले.

“तुमचे यजमान शेती स्वतः करत?”

“तर! द्राक्षाच्या बागंत कामाला व्हते तरणेपनी. मोरचूद-चुना भिजवायचा, दुहेरी फडक्यातनं गाळायचा, मंगच पंपात. न गाळता पंप भरला तर हात धरायचे माझा.”

अंगणातल्या कुंपणावर धोतराचा एक जुना तुकडा वाळत होता. निघताना ताईंनी तो सहज हातात घेतला. खळ दिल्यासारखा कडक. दुमडला तसा करकरला आणि त्यातून पांढरी धूळ पडली.

धुण्याचा दगड दारातच, मोरीत होता. त्याचे पाणी कढीपत्त्याच्या झाडाला जाई. कढीपत्ता खुरटलेलाच होता आणि दगड स्वच्छ होता. तिथून ताई पाटाच्या तोंडापर्यंत चालत गेल्या. पावले मोजली. त्रेसष्ठ भरली.

उत्तर हाती आले की पूर्वी त्यांना छातीत कसे मोकळे वाटे. आज वाटले नाही.

५

बरोबर चार वाजता निरंजन आला. अंगणात बाजेवर ताई, समोर खुर्चीवर निरंजन, शेडला टेकून तनुजा, आणि जोत्याच्या कडेला गोरक्ष. सारजाबाई दारात परात घेऊन तांदूळ निवडत होत्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते, कोणी जा असेही म्हटले नव्हते.

“मॅडम, मग देऊ कागद?” निरंजनने विचारले.

“आधी ऐक. गोरक्षने पंपाने स्वतःच्या कांद्यावर फवारले असते, तर साऱ्या वाफ्यांवर सारखे पडले असते. त्याच्या शेतात जस्त पहिल्या तीन वाफ्यांत आहे, पुढे घटत जाते. म्हणजे ते पंपातून आलेले नाही. पाटाच्या पाण्यातून आलेले आहे.”

“पाटात ओतले त्याने!”

“वेळ कुठे आहे त्याला? शिवाय द्रावण ओतले असते, तर ड्रमही रिकामा झाला असता. ड्रम भरलेला आहे. म्हणून प्रश्न असा, की पाणी ठेवून जस्त तेवढे कसे काढावे? त्याचे उत्तर तुझ्या प्रयोगशाळेत आहे, निरंजन. शुद्ध पाण्यात तुझे कण एकमेकांपासून फटकून राहतात. बोअरच्या क्षाराच्या पाण्यात ते एकमेकांना धरतात. रात्रभर ठेवले तर दह्यासारखे गठ्ठे होतात. एकटा कण कापडातून निघून जाईल, गठ्ठा अडकतो.”

तनुजाने कपाळाला हात लावला. “गाळलं… कुणीतरी गाळलं.”

“पहिल्या फवारणीला नोझल तुंबले. नंतर एकदाही तुंबले नाही. पाणी तेच, बाटली तीच, पंप तोच. मग मधल्या वेळात गाळणारे माणूस हवे, आणि त्याच्याजवळ किल्ली हवी.”

निरंजन वळून दाराकडे पाहू लागला. तांदळावरची बोटे थांबली होती, पण चेहरा अजून शांत होता.

“अहो, मग हा गैरसमज झाला!” निरंजन सुटल्यासारखा म्हणाला. “काकींनी घाण समजून गाळले. नकळत झाले. पण मग पाटात टाकायला गोरक्षने सांगितले असणार. फायदा त्याचाच झालाय. तक्रारीत त्याचे नाव राहणारच, मॅडम. चोरीचा माल ज्याच्या शेतात—”

परात खाली पडली. तांदूळ अंगणभर पसरले.

“गोरक्षचं नाव? कशाच्या तक्रारीत?”

सारजाबाईंना कोणी सांगितलेच नव्हते. दिवसभर सगळे त्यांच्या हातचा चहा प्याले, आणि चोर म्हणून कोणाला धरले आहे हे त्यांना सांगावे असे कोणालाही वाटले नव्हते. ताईंनाही नाही. ही गोष्ट ताईंच्या मनाला फार लागली.

“पोलिसांत देत्यात मला, काकी,” गोरक्ष म्हणाला. “चोर हाय मी.”

सारजाबाई उठल्या. पदर सावरला. “त्यानं न्हाई सांगितलं. त्याला ठावंच न्हाई. पहाटं साडेचारला उठून मीच गाळते, गाळलेलं परत डरमात भरते. वरचा चोथा बादलीत कालवून मीच पाटात सोडते. लिवा माझं नाव.”

“पण काकी, घाण समजूनच ना?” तनुजा दोन पावले पुढे आली. “तुम्हाला माहीत नव्हतं ना?”

सारजाबाई सांडलेल्या तांदळाकडे पाहत होत्या. तेव्हा ताई बोलल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा उत्तर सांगताना त्यांचा आवाज खाली आला.

“घाण दारात टाकतात, तनुजा. दारात मोरी आहे. घाणीची बादली घेऊन सत्तरीची बाई पहाटे त्रेसष्ठ पावले चालत नाही.”

“पयल्या हंगामाला खरंच घाण वाटली,” सारजाबाई सावकाश म्हणाल्या. “नोझल तुंबलं, ह्याची बस चुकली, म्हनून गाळाय लागले. चोथा मोरीतच टाकत व्हते. तवाचा कडीपत्ता बघाया पायजे व्हता, काय माजला व्हता! तवा कळलं, औषिद ह्येच हाय. तवर हंगाम सरला, आन् साहेब म्हनले, जमलं न्हाई, पुन्ना करायचं. पोरगी पुन्ना दर गुरुवारी येनार. मंग मी…” त्यांनी तनुजाकडे पाहिले नाही. “गाळतच राह्यले. पर जिनसंची माती करवंना. म्हनलं, ह्याच्या कांद्याला तरी लागू दे.”

“पण का?” निरंजन उभाच राहिला. “तुम्हाला मिळाले काय यातून?”

ताईंना कोणी विचारले असते, तर त्यांना सांगता आले असते. त्यांच्या सोसायटीच्या तक्रारवहीत त्यांच्या हस्ताक्षरात या महिन्यात तीनदा ‘इंटरकॉम बंद’ असे लिहिलेले होते. इंटरकॉम चालू होता. तो तपासायला येणारा वायरमन दहा मिनिटे थांबे, पाणी पिई, गावाकडच्या पावसाविषयी बोले. ताईंनी यातले काही सांगितले नाही. त्या निरंजनला फक्त म्हणाल्या, “खाली बस. तो कागद फाड.”

त्याने फाडला.

६

तनुजाने स्कूटीवरचे हेल्मेट उचलले. मग म्हणाली, “काकी, माझं सव्वा वर्ष गेलं त्यात. मला काढून टाकणार होते. मी रोज रडत होते, तुमच्यापुढं रडत होते, आणि तुम्ही मला पोहे वाढत होता.”

“व्हय,” सारजाबाई म्हणाल्या. त्यांनी माफी मागितली नाही. मागून ती मिळण्याजोगी गोष्ट नाही, हे त्यांना कळत असावे.

निरंजनने पुढची व्यवस्था तिथल्या तिथे ठरवली: नवी चाचणी तळेगावला, प्रयोगशाळेच्या आवारात, शुद्ध पाण्यात, ताज्या द्रावणाची. शेड पुढच्या आठवड्यात रिकामी. तनुजाने आपली किल्ली कुलपात तशीच ठेवली, हेल्मेट घातले आणि वळूनही न पाहता स्कूटी काढली. टॉवरच्या सावलीत ती दिसेनाशी होईपर्यंत सारजाबाई तिकडे पाहत राहिल्या.

मग त्या खाली बसून तांदूळ गोळा करू लागल्या. मातीतून एकेक दाणा.

गोरक्ष उभा होता. रागाने त्याची मान लाल झाली होती. तो चार पावले निघून गेला, परत आला.

“काकी, माझी नोकरी गेली असती.”

“ठावं नव्हतं रं मला.”

“येक हाक मारायची व्हती. बांधाला बांध हाय आपला. येवढ्यासाठी औषिद गाळत बसलीस व्हय?”

“हाक मारल्यावर तू आला असतास. तुझी बस असती, तुझी पोरं असत्यात. दोनदा आला असतास, आन् तिसऱ्यांदा तुला वझं झालं असतं.”

गोरक्ष उकिडवा बसला आणि आपल्या राठ बोटांनी तांदूळ वेचू लागला. दोघे खाली मान घालून वेचत राहिले. थोड्या वेळाने तो कुरकुरला, “खडंच जास्त हायती ह्यात. येत्या रविवारी बायकोला घिऊन येतो, ती निवडंल. पर जेवायला घालावं लागंल. चौघं हाओत आमी.”

“चार काय, धा या,” सारजाबाई म्हणाल्या, आणि पदराने नाक पुसले.

निरंजनने गाडी सुरू केली होती. ताई उठल्या, चष्मा पुसला, पर्स काखेत घेतली. फाटकापाशी सारजाबाईंनी त्यांना गाठले. हाताला माती, मुठीत तांदूळ.

“ताई, तुमीबी या की येत्या रविवारी. पिठलं-भाकरी करते. तुमाला सोडायला गोरक्ष येईल गाडीवर.”

सुमनताईंनी मान वर केली. पाठ सरळ केली. उभ्या आयुष्यात त्या कोणाच्या दारी आयत्या पानावर जाऊन बसल्या नव्हत्या.

“येत्या रविवारी जमणार नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे पाहुणे यायचे आहेत. बरेच आहेत.”

सारजाबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर रोखून पाहिले. पण त्या थोर मनाच्या होत्या. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही.

ताई गाडीत बसल्या. काच वर केली. रस्ताभर निरंजन कणांविषयी, क्षारांविषयी, पुढच्या हंगामाविषयी बोलत राहिला, आणि ताई ‘हो’ म्हणत राहिल्या. सोसायटीच्या फाटकात उतरल्यावर पहारेकऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही पुढे केली. नाव, फ्लॅट, वेळ. ‘किती जण’ या रकान्यात ताईंनी एकचा आकडा लिहिला आणि लिफ्टकडे चालू लागल्या.